रूमी नेमका कुणाचा? फारसी सूफी कविता आणि शिया-सुन्नी ओढाताण

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आणि जे ऐकत नाहीत, वाचतायत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलंच थोडं नीट करून खाली लिहिलंय.

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीतून निघालाय. मागे एकदा रूमीबद्दल बोलताना मी सहज बोलून गेलो की, "रूमीला धर्म-बिर्म, पंथ-बिंथ काही नव्हतं, तो नुसता प्रेमाचा कवी." इन्स्टावर त्याच्या नावाने जे फिरतं ते वाचून आपलं असंच मत होतं ना! त्यावर दोन मेसेज आले. एकाने लिहिलं, "दादा, रूमी पक्का सुन्नी होता, हनफी कायदा शिकवायचा." दुसऱ्याने लिहिलं, "रूमी मनातून शिया होता. अलींबद्दल त्याने काय लिहिलंय ते वाचा आधी."

मला वाटलं, यातला एक जण बरोबर असेल, एक चूक. दोन दिवसांत उत्तर शोधून टाकू. दोन दिवसांचे दोन महिने झाले. कारण हा प्रश्न नुसता "कोण कुठल्या पंथाचा" एवढा नाही. या प्रश्नापायी इराणमध्ये माणसं मारली गेलीत, कबरी फोडल्या गेल्यात आणि मेलेल्या कवींच्या नावावर अख्खी पुस्तकं लिहिली गेलीत. आणि या गोष्टीचा एक मोठा तुकडा आपल्या दख्खनमध्ये घडलाय, लातूर-उदगीरच्या पलीकडे, बिदरला. तिथे आपण जाणारच आहोत.

आधी पाया पक्का करू

ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं धीर धरा. पैगंबर गेल्यावर मुस्लिमांचं नेतृत्व कुणाकडे, यावरून मतभेद झाले. सुन्नी मानतात की अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली हे चारही खलिफा रास्त होते. शिया मानतात की पहिल्या दिवसापासून हक्क अलींचा होता. अली म्हणजे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई. त्यांच्यानंतर हसन, मग हुसेन, असे एकूण बारा इमाम. हुसेन ६८० साली करबलाच्या मैदानात मारले गेले. बारावे इमाम ८७४ मध्ये दृष्टीआड झाले, ते आजही जिवंत आहेत आणि शेवटी परत येतील, अशी बारा इमामी शियांची श्रद्धा आहे.

आता सूफी. सूफी हा शिया-सुन्नीसारखा तिसरा पंथ नव्हे, ही साधनेची वाट आहे. पीर असतो, मुरीद असतो, आणि पीराचा पीर, त्याचा पीर अशी साखळी मागे मागे जाते. तिला सिलसिला म्हणतात. आणि गंमत बघा. बहुतेक सगळे सिलसिले मागे जात जात कुणापाशी थांबतात? अलींपाशी, आणि त्यांच्यामार्फत पैगंबरांपाशी. ज्या सूफींनी हे सिलसिले चालवले ते बहुतेक सुन्नी होते, तरी मूळ अलींपाशी! (नक्शबंदी लोक आपली मुख्य साखळी अबू बक्रपर्यंत नेतात, ते वेगळे.)

म्हणजे दोघांचा मूळ पुरुष एकच. मग भांडण कशाचं?

भांडण एका शब्दाचं आहे, वलायत. वली म्हणजे अल्लाहच्या जवळचा माणूस, आणि वलायत म्हणजे त्याचं ते जवळ असणं, त्यातून येणारा अधिकार. शिया म्हणतात, ही वलायत पूर्णपणे बारा इमामांची. सूफी म्हणतात, प्रत्येक काळात एक जिवंत वली असतो, त्याच्याभोवती जग फिरतं. त्याला ते कुत्ब म्हणतात, म्हणजे जात्याचा खुंटा. आता शिया मौलवीच्या जागी बसून विचार करा. त्याचा इमाम दृष्टीआड आहे, आणि इमामाच्या वतीने लोकांना वाट दाखवायचं काम आपलं, असं तो मानतो. तेवढ्यात एक फाटक्या झग्यातला माणूस येतो आणि त्याचे मुरीद म्हणतात, "जगाचा खुंटा हा इथे बसलाय." खटका उडणारच.

एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

भांडण पेटायच्या आधीचे कवी

एक गोष्ट आपण कायम विसरतो. इराण आज शिया आहे म्हणून आपल्याला वाटतं तो कायमच तसा असणार. नाही. १५०१ पर्यंत इराणमधले बहुसंख्य लोक सुन्नी होते. फारसी सूफी कवितेची मोठी नावं घ्या, सनाई, अत्तार, रूमी, जामी, सगळे सुन्नी वातावरणात वाढलेले.

पण त्यांचं सुन्नी असणं आजच्या भांडणातल्या सुन्नीसारखं नव्हतं. निशापूरचा अत्तार घ्या. त्याने सूफी संतांची चरित्रं लिहिली, 'तजकिरत-उल-औलिया'. हा सुन्नी माणूस पुस्तकाची सुरुवात कुणापासून करतो? शियांचे सहावे इमाम जाफर सादिक यांच्यापासून. आणि त्याचं दुसरं पुस्तक, ते पक्ष्यांच्या प्रवासाचं, 'मंतिक-उत-तैर'. पक्षी राजाला शोधायला जातात आणि शेवटी उरलेल्या तीस पक्ष्यांना कळतं की तो राजा म्हणजे ते स्वतःच. त्या गोष्टीच्या आधी अत्तारने एक तुकडा फक्त पंथाभिमानावर घातलाय. अबू बक्र-उमर विरुद्ध अली असं भांडत बसणाऱ्यांना तो तिथे झापतो. म्हणजे बाराव्या शतकातही हे भांडण होतंच, आणि कवीला त्याचा वैताग आलेला होता.

आता रूमी. १२०७ चा जन्म, १२७३ मध्ये कोन्याला मृत्यू. पहिला मेसेज करणारा मित्र बरोबर होता. रूमी हनफी परंपरेतला शिकलेला माणूस, मदरशात शिकवायचा. पण 'मसनवी'च्या पहिल्या भागाच्या शेवटी तो एक गोष्ट सांगतो. लढाईत अलींनी शत्रूला खाली पाडलंय, तलवार उगारलीय. तेवढ्यात तो शत्रू त्यांच्या तोंडावर थुंकतो. अली तलवार बाजूला टाकतात. शत्रू चक्रावतो, का सोडलंस म्हणून विचारतो. अली सांगतात ते साधारण असं, की आत्तापर्यंत मी अल्लाहसाठी लढत होतो. तू थुंकलास आणि मला राग आला. आता मारलं तर ते माझ्या रागासाठी होईल. ही गोष्ट इतक्या प्रेमाने सांगितलीय की ती वाचून कुणालाही वाटावं, हा माणूस अलींचाच. म्हणजे दुसरा मित्रही अगदीच हवेत बोलत नव्हता.

पण थांबा. त्याच 'मसनवी'च्या सहाव्या भागात जा. हलब शहरात, म्हणजे आजच्या अलेप्पोत, आशुराच्या दिवशी शिया लोक वेशीपाशी जमून हुसेनसाठी आक्रोश करतायत. एक परका कवी तिथे पोचतो आणि विचारतो, कोण मोठा माणूस वारला? लोक चिडतात, तुला करबला माहीत नाही? तो म्हणतो, माहीत आहे, पण त्याला तर शेकडो वर्षं झाली. तुम्हाला आज कळलं की काय? मग तो सांगतो, ते तर कैदेतून सुटले, त्यांच्यासाठी रडू नका. रडायचंच असेल तर स्वतःच्या झोपेवर रडा.

एखाद्या शिया श्रोत्याला हे टोचेल, आणि टोचायला हवंच, कारण त्यात चिमटा आहे. आता तिसरी बाजू. 'दीवान-ए-शम्स'मध्ये करबलाच्या शहिदांना हाक मारणारी एक गझल आहे, आणि ती आज इराणमध्ये गायली जाते. तिथेही विचार तोच आहे, हे लोक पिंजरा फोडून उडाले. करबलाचे शहीद रूमीला थोर वाटतात, पण त्यांच्यासाठीचं रडणं त्याला पटत नाही. आता त्याला शिया म्हणा नाहीतर सुन्नी म्हणा, दोन्हीकडे थोडं उरतंच.

अभ्यासकांनी या काळातल्या अशा लोकांसाठी एक नाव काढलंय, 'बारा इमामी सुन्नी'. म्हणजे चारही खलिफांना मानणारे आणि वर बारा इमामांवर जीव टाकणारे. आज हे ऐकायला विचित्र वाटतं. तेव्हा नव्हतं.

हिरवी टोपी आणि बिदर

आता आपल्या बाजूला येऊ. शाह नियामतुल्लाह वली. साधारण १३३० च्या सुमाराला हलबला जन्म, मक्केत याफई नावाच्या सुन्नी शेखकडे शिक्षण, आणि १४३१ मध्ये किरमानजवळच्या माहान गावी मृत्यू. पीरही होते, कवीही. त्यांच्या नावावर भविष्य सांगणाऱ्या कविता आजही फिरतात. इंग्रजांच्या काळात त्यात इंग्रज घुसवले गेले, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी काय काय. त्यातलं बरंच मागाहून कुणीतरी रचलेलं आहे, तेव्हा फॉरवर्ड आलं तर पुढे ढकलू नका एवढंच सांगतो.

तर इकडे दख्खनमध्ये अहमदशाह बहमनी १४२२ मध्ये गादीवर आला आणि पुढे त्याने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. नवी राजधानी, नवा दरबार, आता पीरही हवा. त्याने माहानला माणसं पाठवली. नियामतुल्लाह स्वतः आले नाहीत, पण त्यांनी एका शिष्याबरोबर हिरवी टोपी पाठवली. तिला ताज म्हणायचे, आणि तिला बारा पाकळ्या होत्या. इतिहासकार फरिश्ता लिहितो की शिष्याला बघताच सुलतान म्हणाला, हाच माणूस मला स्वप्नात ही टोपी देताना दिसला होता.

बारा पाकळ्या. बारा इमाम. मग नियामतुल्लाह शिया का? त्या काळात तरी तसं म्हणता येत नाही. बारा इमामांवर प्रेम करायला तेव्हा शिया असावं लागत नव्हतं. पण खूण तिथे होती. नंतरच्या माणसाला ती हवी तशी वाचता येत होती.

पुढे नियामतुल्लाहंचा नातू बिदरला आला, सुलतानाचा जावई झाला. त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा खलीलुल्लाहही आला. माहानला नियामतुल्लाहंच्या कबरीवरचा घुमट बांधला तो कुणाच्या पैशाने? आपल्या बिदरच्या अहमदशाहच्या. इराणच्या वाळवंटातल्या त्या दर्ग्याचा पहिला घुमट दख्खनच्या तिजोरीतून उभा राहिला.

मी मागच्या हिवाळ्यात बिदरला गेलो होतो. शहराच्या पूर्वेला अष्टूर गावापाशी बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. अहमदशाहच्या कबरीत शिरलात की आधी काहीच दिसत नाही, अंधार असतो. डोळे सरावले की वर लाल, निळा, सोनेरी रंग उमटायला लागतो. त्या नक्षीत नियामतुल्लाहंच्या कवितेच्या ओळी लिहिल्यात, आणि त्यांचा शजरा, म्हणजे पीरांची वंशावळ. राखणदाराने फोनचा टॉर्च लावायला मनाई केली, तेव्हा मी जरा वैतागलो. नंतर वाटलं, बरंच झालं. इथे अहमदशाहला लोक 'वली' म्हणतात. त्याच्या उरुसात लिंगायत जंगम मानाने सामील होतात, आणि कित्येक भाविकांसाठी तो अल्लमप्रभूंचा अवतार आहे. शिया की सुन्नी हा प्रश्न तिथे मला कुणी विचारला नाही.

१५०१ : टोपीचा अर्थ बदलतो

आणि मग इराणमध्ये जे झालं त्याने सगळ्या जुन्या कविता वेगळ्या दिसायला लागल्या.

अर्दबील गावात शेख सफीउद्दीन नावाचे सूफी पीर होऊन गेले, मृत्यू १३३४. सुन्नी. त्यांचा सिलसिला म्हणजे सफवी. पिढ्या गेल्या, मुरीद सैनिक झाले, आणि पीराच्या गादीवर शिया विचार आला. त्यांच्याही डोक्यावर बारा पाकळ्यांची टोपी होती, पण लाल. म्हणून त्यांना किझिलबाश म्हणायचे, लाल डोक्याचे. १५०१ मध्ये याच गादीचा चौदा वर्षांचा पोरगा, शाह इस्माईल, तबरीझला राजा झाला आणि त्याने जाहीर केलं की आजपासून राज्याचा पंथ बारा इमामी शिया. हा इस्माईल स्वतः कवी. 'खताई' या नावाने तुर्की भाषेत लिहायचा, आणि त्या कवितांत पीर, राजा आणि अली एकमेकांत मिसळून जातात.

विरोधाभास बघा. एका सूफी घराण्याने इराण शिया केला, आणि त्याच घराण्याच्या राज्यात सूफींचे दिवस भरले. कारण सरळ आहे. जो स्वतः पीर म्हणून राजा झालाय, त्याला दुसरा पीर शेजारी चालत नाही.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. शेख सफींचं जुनं चरित्र होतं, 'सफवत-उस-सफा'. ते शाह तहमास्पच्या काळात सुधारून घेतलं गेलं, म्हणजे मूळ सुन्नी पुरुष आता सातव्या इमामांचा वंशज म्हणून पक्का झाला. कवींचंही तसंच. हेरातचा जामी १४९२ मध्ये वारला होता, तो नक्शबंदी आणि कट्टर सुन्नी. १५१० मध्ये इस्माईलने हेरात घेतलं. असं सांगतात की त्याने हुकूम काढला, जिथे जिथे 'जामी' लिहिलं असेल तिथे खालचा नुक्ता खोडून वर द्या. फारसीत तेवढ्याने 'जामी'चं 'खामी' होतं, म्हणजे कच्चा. एक ठिपका हलवून कवीची इभ्रत काढायची! ट्रोलिंग आजचं नाही, मंडळी.

हाफिजबद्दलही अशीच एक गोष्ट सांगतात. एक मुल्ला, त्याचं टोपणनाव मगस, म्हणजे माशी. तो शाहला म्हणाला, हाफिजची कबर फोडा. हाफिजच्या पुस्तकात बोट घालून शकुन बघायची पद्धत होती, आजही आहे. शाहने पुस्तक उघडलं तर नेमकी माशीला तिची जागा दाखवणारी ओळ निघाली. कबर वाचली. गोष्ट खरी असो नसो, ती लोकांनी रचून जपली यातच बरंच काही आहे. हाफिज हवा होता सगळ्यांना.

ज्यांना पाडता येत नव्हतं त्यांना आपलंसं केलं गेलं. अत्तारच्या नावावर 'मजहर-उल-अजाईब' नावाचं अलींची स्तुती करणारं पुस्तक फिरत होतं. ते आपल्या निशापूरच्या अत्तारचं नाही, पंधराव्या शतकातल्या दुसऱ्या कुणाचं आहे, असं अभ्यासक आता मानतात. काझी नुरुल्लाह शुश्तरी हा शिया विद्वान मुघलांच्या हिंदुस्तानात काझी होता. त्याने 'मजालिस-उल-मोमिनीन' लिहून जुन्या सूफी आणि कवींची मोठी रांग शिया म्हणून उभी केली. १६१० मध्ये, जहांगीरच्या काळात, त्याचा स्वतःचा जीव गेला. शिया आजही त्याला शहीद मानतात. त्याचं पुस्तक वाचताना मला आधी हसू आलं होतं, की सगळेच कसे शिया! मग लक्षात आलं, जिथे आपण थोडे आहोत तिथे मोठी माणसं आपली होती हे सांगण्याची गरज वेगळीच असते.

आणि उलटं उदाहरणही आहे. हेरातचा वाईझ काशिफी. नक्शबंदी सूफींशी त्याचा घरोबा. त्याने १५०२ च्या सुमाराला करबलावर 'रौजत-उश-शुहदा' लिहिलं. आज मोहरममध्ये करबलाची कथा वाचण्याला 'रौजाखानी' म्हणतात, ते नाव याच पुस्तकावरून. सुन्नी हेरातमध्ये लिहिलेलं पुस्तक शिया शोकाचा पाया झालं. काशिफीबद्दल म्हणायचे की हेरातला त्याला शिया समजतात आणि गावाकडे सब्जवारला सुन्नी!

शब्द बदलला, माल तोच

सफवींच्या शेवटच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीला, मुहम्मद बाकिर मजलिसीसारखे बडे मौलवी सूफींच्या विरोधात उभे राहिले. तेव्हा एक हुशारी झाली. 'तसव्वुफ' हा शब्द बदनाम झाला, म्हणून 'इरफान' हा शब्द पुढे आला. इरफान म्हणजे आतून ओळखणं, आत्मज्ञान म्हणा. पीर नको, खानकाह नको, झगा नको. पण इब्न अरबी वाचा, रूमी वाचा, मयखान्याच्या गझला लिहा. विचार ठेवला, संघटना काढून टाकली.

आता तुम्हाला कळेल की आयातुल्ला खोमेनी १९८९ मध्ये वारले आणि त्यांच्या गझला छापून आल्या, तेव्हा जग का चक्रावलं. ज्यांच्या राज्यात दारूबंदी, त्यांच्या कवितेत साकी, प्याला, मयखाना, आणि मशीद-मदरशाचा कंटाळा! मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, ढोंग आहे. तसं नाही. ती शेकडो वर्षांची ठरलेली भाषा आहे, आणि तरुणपणी ते इरफान शिकवायचे. गंमत वेगळीच आहे. त्याच देशात पीर-मुरीद परंपरा चालवणाऱ्या दरवेशांना त्रास होतो. २०१८ च्या फेब्रुवारीत तेहरानमध्ये दरवेश आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली, शेकडो दरवेश पकडले गेले. ते कुठल्या सिलसिल्याचे? गुनाबादी. म्हणजे नियामतुल्लाहीचीच एक शाखा.

आता म्हणाल, नियामतुल्लाही तर बिदरला आले होते, परत इराणला कसे पोचले?

दख्खनहून परत गेलेली वाट

हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि सगळ्यात दुःखाचाही.

सफवी काळात नियामतुल्लाही सिलसिला शिया झाला खरा, पण इराणमध्ये तो हळूहळू विझला. दख्खनमध्ये तो जिवंत राहिला. अठराव्या शतकात हैदराबादला रजा अली शाह दखनी नावाचे पीर होते. त्यांनी आपला शिष्य मासूम अली शाह याला इराणला पाठवलं, की जा, विझलेला दिवा परत लाव. करीमखान झंदच्या काळात हा शिराझला पोचला. माणसं जमायला लागली. त्यातला नूर अली शाह मोठा कवी झाला. त्याचा दावा असा की दृष्टीआड इमामाचा खरा प्रतिनिधी मौलवी नव्हे, सूफी. जुनं भांडण थेट तोंडावर! आणि आता हे सूफी सुन्नी नव्हते हे लक्षात घ्या. ते शियाच होते. भांडण शिया-सुन्नी राहिलंच नव्हतं, ते अधिकार कुणाचा यावर आलं होतं.

नूर अलीबरोबर मुश्ताक अली शाह होता. इस्फहानचा, फारसा न शिकलेला, पण सेतार असा वाजवायचा की लोक थांबायचे. सेतारला आधी तीन तारा होत्या, चौथी मुश्ताकने लावली असं मानतात. आजही त्या तारेला मुश्ताकची तार म्हणतात. किरमानला एक नावाजलेला विद्वान आणि वैद्य होता, पुढे मुजफ्फर अली शाह म्हणून ओळखला गेला. शहर त्याला मान द्यायचं. हा विद्वान त्या अडाणी सेतारवाल्याचा भक्त झाला. लोकांना ते बघवेना.

१७९२ च्या रमजानमध्ये किरमानला एका मुल्लाने ठपका ठेवला की मुश्ताकने कुराण सेतारवर म्हटलं. जमावाने मुश्ताकला दगडांनी ठेचून मारलं.

मुजफ्फरने मग काय केलं? त्याने कविता लिहिल्या. अख्खा दीवान लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव घातलं नाही. कवीचं नाव जिथे येतं तिथे 'मुश्ताक' लिहिलं. ओळखलंत का? पाचशे वर्षांपूर्वी रूमीने हेच केलं होतं. त्याचा भटक्या मित्र शम्स नाहीसा झाला आणि रूमीने आपला दीवान शम्सच्या नावाने लिहिला. आता किरमानचा एक शिया विद्वान आपल्या मारल्या गेलेल्या पीरासाठी रडताना सुन्नी रूमीच्या वाटेने गेला. त्याला तीच वाट माहीत होती, आणि त्या घटकेला रूमी कुठल्या पंथाचा हे त्याने विचारलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे मासूम अली शाहलाही किरमानशाहला मारलं गेलं. ज्याच्या हुकमाने मारलं त्या मौलवीचं नावच पडलं 'सूफीकुश', सूफींना मारणारा. हैदराबादहून दिवा घेऊन निघालेला हा माणूस परत आला नाही. पण दिवा लागला. पन्नास वर्षांच्या आत इराणच्या गादीवर मुहम्मद शाह काजार हा राजा आला, आणि तो स्वतः सूफींचा चाहता होता. आज जगभर जे नियामतुल्लाही आहेत, त्यांचा सिलसिला मागे जाताना दख्खनमधूनच जातो.

जाता जाता महाराष्ट्राचं एक. शाह इस्माईलच्या संशयामुळे इराण सोडून पळालेला एक कवी आणि विद्वान, शाह ताहिर, आपल्या परांड्याला राहिला आणि मग अहमदनगरच्या निजामशाहीत गेला. त्याच्यामुळे बुऱ्हाण निजामशाहने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. आणि हा शाह ताहिर आतून इस्माईली शियांच्या एका शाखेचा इमाम होता, बाहेरून बारा इमामी. इराणमध्ये इस्माईलींनी शेकडो वर्षं सूफी कवितेची भाषा पांघरूनच स्वतःला वाचवलं होतं. पीर म्हणायचं आणि मनात इमाम ठेवायचा. शाह ताहिरवर पूर्ण एपिसोड करायचाय, पण ते पुढे कधीतरी.

मग, रूमी कुणाचा?

ज्या दोघांनी मेसेज केले होते त्यांना माझं उत्तर.

पहिल्या मित्रा, तू बरोबर आहेस. रूमी सुन्नी होता, हनफी होता, आणि त्याला इस्लाममधून उचलून नुसता 'प्रेमाचा कवी' करणं ही माझी चूक होती. दुरुस्त करतो.

दुसऱ्या मित्रा, तो शिया नव्हता. पण त्याचे अली तुझे अली आहेत. शिया विद्वानांनी शेकडो वर्षं त्याला वाचलं, त्याच्यावर टीका लिहिल्या, मुजफ्फरसारखे लोक त्याच्या शब्दांत रडले. हा तुझा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. फक्त त्यासाठी रूमीला शिया ठरवायची गरज नाही. हलबची ती गोष्ट तुला टोचत असेल तर टोचू दे, पण ती पुस्तकात आहे, ती झाकू नको.

आणि मी स्वतःला काय सांगितलं? पंथ पुसून टाकले की कविता सोपी होते, पण मग मुश्ताकला दगड का मारले हे कळत नाही. पंथाचं लेबल चिकटवून बसलं की अत्तारने जाफर सादिकपासून सुरुवात का केली हे कळत नाही. दोन्ही एकदम डोक्यात ठेवायला जरा जड जातं, एवढंच.

कधी बिदरला गेलात तर अष्टूरला जा. सकाळच्या उजेडात जा. आत शिरल्यावर लगेच फोन काढू नका, डोळे सरावू द्या.

पुढच्या वेळी भेटू. शाह ताहिर आधी हवा की आणखी काही, ते मेसेज करून सांगा. आणि हो, माझं चुकलं तर याहीवेळी झापा. त्यातूनच एपिसोड निघतात. चला, नमस्कार!